दोन्ही सारखेच धूसर

चष्म्याचा नंबर सांगताना मराठी माणूस दशांश चिन्हाच्या वाटेला सहसा जात नाही. कागदावर १.७५ असे छापलेले असले तरी तोंडाने तो ‘पावणेदोन’ म्हणतो, १.२५ ला ‘सव्वा’ आणि १.५० ला ‘दीड’. भिंगाची ताकद डायॉप्टर या एककात मोजावी असे फर्दिनां मोनोये या फ्रेंच नेत्रवैद्याने १८७२ मध्ये सुचवले, तेव्हा आपली पावकी-निमकी त्याच्या कानावर गेली असण्याचा संभव नाही. पण चष्म्याची भिंगे पाव-पाव डायॉप्टरच्या पायऱ्यांनी बनतात, आणि त्या पायऱ्या चढण्या-उतरण्यासाठी लागणारे सगळे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी घोकून ठेवलेले होते. या पाव नंबराला मी आजवर फारशी किंमत देत नसे. पाव म्हणजे चार आणे. तेवढे इकडेतिकडे व्हायचेच, अशी माझी समजूत होती.

ती समजूत मोडायला आठ महिने लागले. एका प्रवासात जुना चष्मा फुटला आणि वाटेतल्या गावी, गाडीची वेळ सांभाळत, मी घाईने नवा करून घेतला. उजवा सव्वादोन, डावा दीड, दोन्ही वजा. त्या चष्म्यातून लांबचे सगळे लख्ख दिसत होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. मात्र माझे काम मुद्रितशोधनाचे आहे, आणि दुपारचे चार वाजले की उजव्या भुवईच्या वर कोणी बोट दाबून धरल्यासारखे वाटू लागे. वाचता वाचता मी नकळत एक डोळा हाताने झाकून घेतो, हे शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने दाखवून दिले. कचेरीत त्याचे निदान मोबाइल असे झाले आणि घरी पित्त असे. मी स्वतः ‘चाळिशी’ या निदानावर ठाम होतो. वयालाही तोच शब्द आणि त्या वयात नाकावर येऊन बसणाऱ्या चष्म्यालाही तोच, अशी सोय क्वचितच एखाद्या भाषेने करून ठेवली असेल, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचा फायदा घेण्यात मला काही गैर वाटले नाही.

शेवटी नीट नंबर काढून घ्यावा म्हणून एका दवाखान्यात गेलो. तपासणीची खोली जेमतेम दहा-बारा फुटांची होती. अक्षरांचा तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो. एवढी जागा नसली की तक्ता रुग्णाच्या डोक्यामागे लावतात आणि समोरच्या भिंतीवरच्या आरशात दाखवतात, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर भरतात. तक्त्यावर अक्षरे उलटी छापलेली असतात, ती आरशात सुलटी होतात. स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये असा तक्ता पहिल्यांदा तयार केला, आणि ज्या ६/६ ओळीला आपण एवढे मानतो तिच्यातले अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असते. मुद्रितशोधकाला अर्धवट दिसलेले अक्षरही मागच्या-पुढच्या शब्दांवरून ओळखण्याची खोड असते. तक्त्यावर मागे-पुढे काही नसतेच. ‘ग’ नंतर ‘र’ का आला याला कारण नाही. धंद्यातली सगळी हुशारी तेथे निरुपयोगी ठरते.

तपासणारी ऑप्टोमेट्रिस्ट पंचविशीची मुलगी होती. तिने माझ्या नाकावर ती गोल, जड, लोखंडी ट्रायल फ्रेम चढवली, डाव्या बाजूला काळी चकती टाकली आणि भिंगांच्या पेटीतून एकेक भिंग काढत विचारायला सुरुवात केली, “काका, पहिलं बरं की दुसरं?” मी ताठ बसून, श्वास रोखून उत्तरे देत होतो. उजव्या डोळ्याला दोन नंबर लागला. मग चकती उजवीकडे गेली आणि डाव्याला दीड लागला. तक्ता दोन्ही डोळ्यांनी तळापर्यंत वाचून झाल्यावर मी फ्रेम काढण्यासाठी हात वर केला, तेव्हा ती म्हणाली, “थांबा, अजून खरं काम व्हायचंय. तुमचा उजवा डोळा जरा जास्तच कष्ट करतोय असं वाटतंय मला.”

डोळा कष्ट करतो म्हणजे काय, हे दहावीच्या विज्ञानात आपण सगळेच शिकलेलो असतो. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंग फुगते, लांबचे पाहताना चपटे होते, आणि या क्षमतेला समायोजन शक्ती म्हणतात. ही व्याख्या दोन गुणांना हमखास येत असे. हे काम भिंगच करते, बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा नव्हे, याची खात्री करण्यासाठी टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वतःचा डोळा पाण्यात धरून प्रयोग केला होता. पाण्यामुळे त्या पडद्याची प्रकाश वाकवण्याची ताकद जवळजवळ नाहीशी होते, आणि तरीही डोळा जवळ-लांब जुळवून घेऊ शकतो, असे त्याला आढळले. १८०१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पाठ्यपुस्तकातली आकृती मात्र, आता आठवून पाहतो तर, एकाच डोळ्याची होती. डावीकडून किरण येत, भिंगातून जात आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एका ठिपक्यात मिळत. शेजारी दुसरा डोळा आहे, त्यालाही त्याच वेळी हेच करायचे आहे, आणि दोघांना मिळणारा हुकूम एकच आहे, याचा पत्ता त्या आकृतीतून लागत नसे.

हुकूम एकच असतो, ही यातली कळीची गोष्ट. उजव्या डोळ्याने अर्धा डायॉप्टर जास्त जोर लावावा आणि डाव्याने स्वस्थ बसावे, अशी वाटणी मेंदू सहसा करीत नाही; तो दोघांना सारखाच जोर लावायला सांगतो. दोन्ही डोळे एकाच आज्ञेने वळतात हे मांडताना एवाल्ड हेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये एकाच लगामाने हाकलेल्या घोड्यांच्या जोडीची उपमा दिली होती. आपल्याकडच्या कोणी मांडले असते तर त्याने निश्चितच बैलजोडी घेतली असती, आणि ती अधिक चपखल बसली असती, कारण बैलांच्या मानेवर जू असते. एक बैल उंच आणि एक ठेंगणा निघाला की जू कलते, नांगर तिरका जातो आणि संध्याकाळी एकाचीच मान सुजते. माझ्या आधीच्या चष्म्यात उजव्या डोळ्याला गरजेपेक्षा अर्धा नंबर वजा जास्त होता. त्याला नीट दिसावे एवढा जोर लावला तर डावा तेवढाच चुकत होता, आणि डाव्याच्या सोयीने चालले तर उजव्याचे धूसर होत होते. दिवसभर मी मुद्रिते वाचत असताना भुवईमागे हा वाद चालू होता.

“पण उजव्याला जास्त नंबर दिलाच कसा गेला?” मी विचारले. तिचे म्हणणे असे की बहुतेक ठिकाणी उजवा डोळा आधी तपासतात. रुग्ण नवखा असतो, ताणलेला असतो, खोली लहान असते, आणि त्या ताणात भिंगही फुगून बसते. फुगलेल्या भिंगाला वजा नंबर जास्त लागतो, आणि तो दिला की स्पष्ट दिसते म्हणून पसंतही पडतो. डाव्याची पाळी येईपर्यंत माणूस सैलावलेला असतो. तोंडी परीक्षेला आडनावामुळे ज्याचा नंबर पहिला लागत असे, त्याची आणि मागाहून आत गेलेल्यांची अवस्था मला आठवली. आठ महिन्यांपूर्वी, गाडीच्या वेळेकडे डोळे लावून त्या खुर्चीत बसलेला माझा उजवा डोळा किती ताणलेला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता ती जे करणार होती त्याला ऑप्टोमेट्रिस्ट मंडळी ‘बॅलन्सिंग’ म्हणतात. पहिली पायरी धुके पाडण्याची. दोन्ही डोळ्यांपुढे पाऊण डायॉप्टरचे अधिक भिंग चढवले, आणि लख्ख तक्त्यावर पावसाळी काच आल्यासारखे झाले. यातली युक्ती मला फार आवडली. अधिक भिंगामुळे प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. अशा वेळी डोळ्याने नेहमीच्या सवयीने जोर लावला तर ती आणखी अलीकडे सरकते आणि अक्षरे जास्तच फिसकटतात. म्हणजे कष्ट केले की शिक्षा आणि सैल सोडले की बक्षीस. दोन-चार क्षणांत स्नायू शहाणा होतो आणि जोर सोडून देतो.

दुसरी पायरी लोलकांची. एका डोळ्यापुढे पाया खाली असलेला आणि दुसऱ्यापुढे पाया वर असलेला लोलक बसवला, तेव्हा तक्त्यावरची एकुलती एक उघडी ठेवलेली ओळ दुभंगून एक वर आणि एक खाली अशी दिसू लागली. वरची ओळ उजव्या डोळ्याची, खालची डाव्याची. दोन्ही डोळे उघडे, दोघांपुढे तीच अक्षरे, पण एकाला दुसऱ्याच्या ओळीत डोकावण्याची सोय नाही. “आता सांगा,” ती म्हणाली, “कुठली ओळ जास्त धूसर आहे?”

या प्रश्नाने मी गडबडलो. लहानपणापासून या खुर्चीत बसून मी अधिक चांगले काय ते सांगत आलो होतो. अधिक वाईट काय ते कोणी विचारले नव्हते. शिवाय दोन्ही ओळी वाचता येत होत्या, फक्त अक्षरांच्या कडांना साबणाचा फेस लागल्यासारखा दिसत होता, आणि एका फेसाची दुसऱ्या फेसाशी तुलना करायची होती. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, “खालची. किंचित.” तिने उजव्या डोळ्यापुढे, म्हणजे ज्याला बरे दिसत होते त्याच्यापुढे, पाव नंबरचे अधिक भिंग टाकले. मी लगेच तक्रार केली की चांगली दिसत होती ती ओळ बिघडली. “बिघडू दे,” ती म्हणाली, “आता दोन्ही सारख्या बिघडल्यात का सांगा.” मी पुन्हा पाहिले. वरच्या ओळीतला ‘प’ आणि खालच्या ओळीतला ‘प’ यांत निवड करता येईना. उत्तर येत नाही हे कबूल करताना माणूस जसा बोलतो तशा आवाजात मी म्हणालो, “दोन्ही सारखेच धूसर.” तिने कागदावर खूण केली. तिला हवे असलेले उत्तर तेच होते.

अर्थात ‘सारखे धूसर’ ही कसोटी दोन्ही डोळ्यांची मुळातली नजर सारखी असेल तरच चालते, हेही तिने सांगितले. ज्याचा एक डोळा लहानपणापासून आळशी राहिलेला असतो, त्याला पूर्ण नंबर देऊनही दुसऱ्याइतके दिसत नाही. अशा माणसाच्या दोन ओळी सारख्या करत बसले तर चांगल्या डोळ्याला उगाच चुकीचे भिंग मिळते. येथे समान करायचा असतो तो कष्टांचा वाटा. दिसण्याचा वाटा आपोआप समान होईल असे नाही. हा फरक ती फार सहजपणे बोलून गेली, पण परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात तोच घोळत होता.

पुढचे भराभर झाले. लोलक निघाले, धुके दोन्ही डोळ्यांवरून एकाच वेळी पाव-पावने उतरवले, आणि ६/६ ची ओळ वाचता आली तेथे ती थांबली. लाल-हिरव्या पाटीवर खात्री करून घेतली. हिरव्यातली अक्षरे जास्त काळी वाटू लागली की वजा नंबर जास्त झाला असे समजतात. लांबचा नंबर ठरला उजवा पावणेदोन, डावा दीड. जवळसाठी दोन्हीकडे सारखाच एक नंबर अधिक मिळाला, म्हणजे माझ्या निदानातही अगदीच तथ्य नव्हते असे नाही.

या अर्ध्या नंबराने विशीत मला काही केले असते का, असे मी तिला विचारले. बहुधा कळलेही नसते, असे ती म्हणाली. दहा वर्षांच्या मुलाजवळ समायोजनाची सुमारे चौदा डायॉप्टरची शिल्लक असते. माझ्या वयाला चार-पाच उरते, आणि हातभर अंतरावरचे मुद्रित वाचायला त्यातले अडीच रोज खर्ची पडतात. श्रीमंताच्या घरात अर्धा रुपया इकडचा तिकडे झाला तर कोणी मोजत नाही.

नवा चष्मा मिळून आता तीन आठवडे झाले. पहिले दोन दिवस उजवीकडचे जग किंचित मवाळ वाटले, नंतर वाटेनासे झाले. चार वाजता भुवईवर बोट ठेवणारा कोणी येत नाही. घरी मात्र प्रकरण मिटलेले नाही. त्या दिवशी दारातच पत्नीने विचारले, “कितीने वाढला?” मी म्हणालो, “उजव्याचा अर्ध्याने कमी झाला.” तिने माझ्याकडे, मग कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले.

“चाळिशीनंतर कुठं नंबर कमी होतो का?” ती म्हणाली. “दुसरीकडे दाखवून घ्या.”