जुनी तलवार घेताना आधी सांधा बघा, मग नक्षी

जुनी मराठा तलवार हातात आली की नजर आधी मुठीवरच्या सोन्याच्या कामाकडे जाते. बघायचा असतो तो पाते आणि मूठ यांचा सांधा. आपल्या तलवारीत पात्याचं आखूड शेपूट पोकळ लोखंडी मुठीत घालून वितळलेल्या लाखेनं किंवा राळेनं पक्कं केलेलं असतं. ना रिव्हेट, ना स्क्रू. वर्षं जातात तशी लाख सुकते, तडकते आणि पातं किंचित हलायला लागतं. मूठ एका हातात धरा, दुसऱ्या हातानं कापडातून पातं धरून अगदी हलकेच डावी-उजवीकडे हलवून बघा.

हललं, तरी तो दोष नाही. जाणकार कारागीर मंद ऊब देऊन लाख मऊ करतो आणि पातं पुन्हा बसवतो. खरं नुकसान करतात ते वेल्डिंग आणि एपॉक्सी, म्हणजे घट्ट बसणारा रासायनिक गोंद. वेल्डिंगच्या उष्णतेनं मुठीजवळच्या पोलादाचं पाणी उतरतं. तिथे निळसर झाक किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर तलवार घेऊ नका. एपॉक्सीनं जोडलेली मूठ पुढे सहज उघडत नाही.

मग पाठ बघा, म्हणजे धारेच्या विरुद्धची कड. लढाईसाठी घडवलेलं पातं मुठीजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं: साधारण 6-7 मिलिमीटरपासून 2-3 पर्यंत. दुकानातल्या शोभेच्या तलवारीला हा उतार बहुधा नसतो, कारण ती एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेली असते. जौहर, म्हणजे पोलादातली नागमोडी नक्षी, खरी असेल तर ती पोलादातच असते आणि पाठीवरही दिसते. आम्लानं कोरलेली नक्कल बहुतेकदा दोन्ही बाजूंच्या सपाट भागावरच थांबते.

सरळ परदेशी पातं म्हणून फिरंग नाकारू नका. युरोपातून आलेल्या पात्यांना इथे मराठा मूठ चढवत, तीच फिरंग. 2025 मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावात मिळवलेली नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार तशीच आहे आणि तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी लेख आहे. असा लेख कुणाच्या उत्साही पॉलिशनं पुसला तर परत आणता येत नाही.

व्यवहाराआधी एक गोष्ट पक्की करा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ती परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. तलवार बाळगण्याबाबत आपल्या भागात काय नियम आहेत ते पोलीस ठाण्यात विचारा.

आता निगा. नारिंगी, भुसभुशीत गंज काढायचा. गडद तपकिरी-काळा घट्ट थर ठेवायचा, कारण तोच पात्याचं वय सांगतो. आधी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं जुनं तेल पुसा. मग गंजावर शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा आणि सुती कापडानं पाठीच्या दिशेनं पुसा. हट्टी डागावर चार शून्य (0000) नंबरची, म्हणजे अगदी बारीक स्टील वूल तेलातच, हलक्या हातानं फिरवा. जौहर असलेल्या पात्यावर आणि कोफ्तगरीवर, म्हणजे पोलादावर बसवलेल्या सोन्याच्या नक्षीवर, मात्र ती अजिबात नको. पितळेचं पॉलिशही नको. सोन्याचा पातळ पत्रा त्यात घासून जातो.

खोबरेल लावायची सवय सोडा: ते खवट होतं आणि त्यातलं आम्ल लोखंडाला लागतं. जवसाचं तेल सुकून चिकट थर धरतं. खनिज तेलाचा पुसट हात किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेण पुरतं. पावसाळ्यात दर महिन्याला तपासा, एरवी तीन महिन्यांनी. उघड्या बोटांनी पात्याला हात लावू नका, घामातलं मीठ ठसा उमटवतं.

पातं म्यानात ठेवू नका. लाकूड आणि चामडं ओल धरतात, चामड्यातली आम्लं पात्याला लागतात. म्यान शेजारी वेगळं ठेवा आणि कपाटात आर्द्रता मोजायचं यंत्र असू द्या. 50 टक्क्यांच्या आसपास ठीक, 60 च्या वर गंज वेगानं वाढतो. कोकणात सिलिका जेल लागणारच.

खंडेनवमीला हळदकुंकू पाटाला किंवा विड्याच्या पानाला लावा, पात्याला नको. ओली फुलंही पात्यापासून दूर ठेवा. प्रथेनं थेट लावायचंच असेल तर त्याच दिवशी कोरड्या कापडानं, मग स्पिरिटनं पुसून तेलाचा हात फिरवा.