बोल्झानोचे विजयस्मारक आणि बेळगावच्या बाई

मराठी पर्यटकांना घेऊन युरोपात फिरणे हा माझा व्यवसाय आहे. उत्तर इटलीतील दक्षिण टिरोल प्रांतात आम्ही जातो ते डोलोमाइट पर्वतांसाठी, आणि राजधानी बोल्झानोत थांबतो ते १९९१ साली हिमनदीत सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या हिममानवाला पाहण्यासाठी. त्या दिवशी मात्र पावसाने शिखरे झाकून टाकली होती, म्हणून डोंगरावरचा कार्यक्रम रद्द करून संग्रहालयानंतरचा सारा वेळ मी शहरासाठी ठेवला.

आमची स्थानिक मार्गदर्शक वाल गार्देना खोऱ्यातली होती आणि तिची मातृभाषा होती लादिन, म्हणजे या डोंगराळ खोऱ्यांतली एक छोटी भाषा. बसचालकाशी ती इटालियन बोले, दुकानदाराशी जर्मन आणि आमच्याशी इंग्रजी. तिने आम्हाला ताल्फेर नदीपलीकडच्या विजयस्मारकापाशी नेले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीला मिळालेल्या या मुख्यतः जर्मनभाषक प्रांतात मुसोलिनीच्या राजवटीने १९२८ साली ही पांढरी संगमरवरी कमान उभारली. येथून आम्ही इतरांना भाषा, कायदे आणि कला शिकवल्या, अशा अर्थाचा लॅटिन लेख तिच्यावर कोरलेला आहे. त्याच काळात जर्मन शाळा बंद करण्यात आल्या, गावांची नावे बदलली गेली आणि शिक्षिका घरांत, गोठ्यांत लपूनछपून मुलांना जर्मन लिहावाचायला शिकवू लागल्या. पकडल्या गेलेल्या काहींना तुरुंगवास आणि हद्दपारी भोगावी लागली.

आमच्यात बेळगावच्या एक निवृत्त मराठी शिक्षिका होत्या. गोठ्यातल्या शाळांविषयी ऐकून त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “अरे, तिला विचार, मग हे स्मारक यांनी पाडलं का नाही?” मार्गदर्शकाने उत्तर देण्याऐवजी आम्हाला तळघरात नेले. तेथे २०१४ पासून फॅसिस्ट आणि नाझी या दोन्ही हुकूमशाहींचा इतिहास मांडणारे प्रदर्शन आहे. पुढे न्यायालयासमोरच्या चौकात तिने मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाची जुनी कचेरी दाखवली. तिच्या भिंतीवरील भव्य शिल्पपटात घोड्यावर बसलेला मुसोलिनी आहे आणि ‘विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा’ ही घोषणा आहे. त्यावर २०१७ पासून राजकीय विचारवंत हाना आरेंट यांचे एक वाक्य जर्मन, इटालियन आणि लादिन या तिन्ही भाषांत प्रकाशाक्षरांनी झळकते : आज्ञा पाळण्याचा अधिकार कोणालाही नाही. बाई तेथे भर पावसात बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मीही त्यांना घाई केली नाही.

त्यानंतर ‘पोर्तीची’ या कमानींच्या बाजारपेठेत कॉफी पिताना त्यांनी प्रश्नांमागून प्रश्न विचारले आणि मी दुभाष्याचे काम केले. १९४६ चा ऑस्ट्रिया-इटली करार आणि १९७२ चा स्वायत्तता कायदा यांमुळे येथे पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत जर्मन किंवा इटालियन वापरण्याचा हक्क नागरिकाला आहे, सरकारी नोकरीसाठी दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते आणि सरकारी पदेसुद्धा भाषिक गटांच्या प्रमाणात वाटली जातात. सरकारी कागद मराठीतून मिळावेत म्हणून वर्षानुवर्षे अर्ज आणि मोर्चे पाहिलेल्या बाईंनी हे सारे वहीत लिहून घेतले.

शेवटी त्यांनी खऱ्या शिक्षिकेचा प्रश्न विचारला : दोन्ही भाषांची मुले एकत्र शिकतात का? मार्गदर्शकाने काहीही झाकले नाही. लादिन खोऱ्यांतल्या शाळांत जर्मन आणि इटालियन या दोन्ही भाषांतून समप्रमाणात शिकवतात आणि लादिनही शिकवतात. इतरत्र जर्मन आणि इटालियन शाळा वेगळ्याच आहेत. त्यामुळे वर्षानुवर्षे दुसरी भाषा शिकूनही त्या भाषेतला एकही मित्र नसलेली मुले बोल्झानोत भेटतात, असे ती म्हणाली. मला हा दोष गंभीर वाटतो. तरीही, ज्या व्यवस्थेतली माणसे परक्यांसमोर तिच्या उणिवा इतक्या मोकळेपणाने मांडू शकतात तिच्याविषयी माझ्या मनातला आदर त्या दुपारी वाढला.

आता मी बोल्झानोला पूर्ण दिवस देतो, आणि ओत्झीच्या आधी पर्यटकांना विजयस्मारकाच्या तळघरात नेतो.