डोकं दुखण्याआधी काय दिसतं?

पहिली गोळी मी सतराव्या वर्षी घेतली, ती गौरींसाठी. २००१ साल. आई एकटी राबणारी आणि माझी तारीख नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी. आत्या मेडिकलमधून पट्टी घेऊन आली. "तारखेच्या तीन दिवस आधी सुरू कर, दिवसातनं तीन वेळा. गौरी गेल्या की बंद." मेडिकलवाल्यानं काही विचारलं नाही, आत्यानं नाही, मीही नाही. विसर्जन झालं, गोळी थांबवली आणि तिसऱ्या दिवशी पाळी आली ती अशी, की दोन दिवस अंथरूण सोडवलं नाही.

ती गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. पाळी पुढे ढकलते, पण तिच्या भरवशावर दिवस राहणार नाहीत असं समजू नये. शिवाय शरीरात तिचा थोडा भाग इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनमध्ये बदलतो, म्हणजे कुणाला रक्ताच्या गुठळीचा वगैरे त्रास असेल तर आधी विचारायला हवं. सणासुदीला ही गोळी शेंगदाण्यासारखी वाटली जाते म्हणून मुद्दाम सांगितलं.

२००८ मध्ये लग्न होऊन सांगली जिल्ह्यातल्या एका गावात आले. बी.एड. अर्धवट होतं, ते संपेपर्यंत मूल नको, एवढं आमचं दोघांचं ठरलेलं. ह्यांनी माला-डीचं पाकीट आणलं, तेही वर्तमानपत्रात गुंडाळून. किंमत चहाच्या पैशांत. एका पट्टीत अठ्ठावीस गोळ्या, त्यातल्या एकवीस पांढऱ्या, त्याच खऱ्या कामाच्या. उरलेल्या सात गडद रंगाच्या, त्या लोहाच्या. सवय मोडू नये म्हणून त्या पट्टीत असतात, आणि त्या दिवसांतच पाळी येते. पाचव्या दिवसापासून सुरुवात केली. पट्टी कुठं ठेवायची हा खरा प्रश्न होता. एकत्र कुटुंब, कपाटाला कुलूप नाही. शेवटी लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवली, कारण शालू कुणी उघडत नाही.

पहिला महिना मळमळ. सकाळी चहाचा वास आला की मी परसात. सासूबाईंचा चेहरा फुलला आणि शेजारी बातमीही गेली. दिवस जाऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळीनं दिवस गेल्याची हवा झाली! रात्री जेवणानंतर गोळी घ्यायला लागले तशी मळमळ थांबली. एक पांढरी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची, मग भले त्या दिवशी दोन होवोत. दोन किंवा जास्त विसरल्या तर आठवल्याबरोबर एक घेऊन पट्टी पुढं चालू ठेवायची आणि सात दिवस निरोधही वापरायचा. लोहाची विसरली तर काही बिघडत नाही. "गोळ्या खाल्ल्या की पुढं मूल होत नाही" हे मला निदान चार बायकांनी सांगितलं. गोळी सोडल्यावर तिसऱ्या महिन्यात दिवस राहिले.

२०१० मध्ये मुलगा झाला. सव्वा महिना उलटल्यावर मी शालूतली उरलेली पट्टी काढली. नशीब की त्याच आठवड्यात लसीला उपकेंद्रात गेले आणि सिस्टरांना सहज बोलले. त्या ओरडल्याच. "अंगावर पाजतीयस ना? ही चालत नाही." माला-डीतल्या इस्ट्रोजेननं दूध कमी होऊ शकतं आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत रक्तात गुठळी व्हायचा धोकाही जास्त असतो. फक्त अंगावरचं दूध, दिवसरात्र, वरचं काही नाही, पाळी आलेली नाही आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं, हे सगळं जुळत असेल तर तेच बऱ्यापैकी संरक्षण. यातलं एक जरी सुटलं तर दुसरा उपाय हवा. आमचं चौथ्या महिन्यात सुटलं, मग निरोध.

मुलगा दूध सुटून हिंडायला लागला तशी पुन्हा माला-डी. याच काळात, बहुधा २०१२ मध्ये, ते सुरू झालं. फळ्यावर लिहिताना अक्षरांच्या कडेला एक चमकती, दातेरी रेघ दिसायची, करवतीच्या पात्यासारखी. ती मोठी होत जायची, वीस मिनिटांत विरायची आणि मग अर्धं डोकं फुटायला यायचं. चष्म्याचा नंबर तपासला. एका डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी "शाळेत ओरडता जास्त" म्हणून हसण्यावारी नेलं. तुम्ही दुसरी कुठली गोळी घेता का, हे दोघांनीही विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. माला-डी हे मला औषध वाटतच नव्हतं, ती शालूतली वस्तू होती.

२०१५ मध्ये मुलगी झाली. पुढं २०१९च्या जानेवारीत आशाताईनं 'अंतरा' सुचवलं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, दिलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, कार्डावर पुढची तारीख. यात इस्ट्रोजेन नसतं. पहिले तीन महिने नुसते डाग, कधीही, कुठंही. शाळेत दोन साड्या ठेवाव्या लागल्या. तिसऱ्या इंजेक्शननंतर पाळीच गेली. सासूबाईंना कळलं तेव्हा "घाण आत साठती" हे सुरू झालं. साठत काही नाही. गर्भाशयाचं अस्तर वाढतच नाही, तर बाहेर पडणार काय? वर्षभरात वजन मात्र चार किलो वाढलं. लवकरच मूल हवं असेल तर हे घेऊ नका, शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात.

२०२०च्या एप्रिलमधलं इंजेक्शन लॉकडाउनमध्ये हुकलं. ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत चालतं, पण मला ते माहीत नव्हतं. ह्यांनी परत मेडिकलमधून माला-डी आणली. इंजेक्शनच्या वर्षभरात क्वचित येणारी दातेरी रेघ महिन्यातून दोनदा यायला लागली.

२०२१ मध्ये मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले, तेही वेगळ्याच कामाला. त्यांनी आधी दंडाला पट्टा बांधला. मग प्रश्न. तंबाखू, मिश्री? घरात कुणाला लकवा, पायात रक्ताची गाठ? टीबीची, फिटची औषधं? (ही औषधं चालू असली तर गोळीचा असर कमी होऊ शकतो.) डोकं दुखतं का? दुखतं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "दुखण्याआधी डोळ्यांपुढं काही दिसतं?" मी टेबलावर बोटानं करवत काढून दाखवली.

"किती वर्षं?"

"नऊएक."

"आणि गोळी?"

त्या काही क्षण गप्प. मग म्हणाल्या, अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनची गोळी घेतली तर मेंदूचा झटका यायचा धोका वाढतो, आजपासून बंद, पट्टी अर्धी असली तरी. पस्तिशी ओलांडल्यावर तर मुळीच नाही. मला घरी जाताना एसटीत घाम फुटला होता. इतक्या वर्षांत कुणी हा एक प्रश्न विचारला असता तर, असं वाटत राहिलं.

पुढची तीन वर्षं निरोधवर गेली. ह्यांच्या नसबंदीचा विषय दोनदा काढला. दोन्ही वेळी ह्यांना तातडीनं मळ्यात मोटर बघायला जायचं होतं.

चाळिशीच्या तोंडावर पाळी अशी जायला लागली की तासाला पॅड. हिमोग्लोबिन आठच्या खाली. सोनोग्राफीत पिशवी जाड झालेली निघाली. जावेनं, नणंदेनं आणि एका डॉक्टरांनीही एकाच सुरात सांगितलं, दोन मुलं झालीत, पिशवी काढून टाक. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये पेपरात वाचलेलं होतं, म्हणून परत मिरजेला गेले. बाईंनी अस्तराचा तुकडा तपासून घेतला आणि हार्मोनची तांबी सुचवली. नाव तांबी, पण तांबं नाही. 'टी'च्या आकाराची, ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन भरलेली, सुरुवातीला दिवसाला वीसेक मायक्रोग्रॅम सोडणारी. औषध बहुतांशी जागच्या जागीच काम करतं, इस्ट्रोजेन नाही. बसवताना दुखतं. मला तर कळ थेट मांडीपर्यंत गेली, आणि "थोडंसं टोचेल" असं सांगणाऱ्यांनी हे शब्द बदलावेत. पहिले पाच महिने डाग. मग पाळी दोन दिवसांची, नावापुरती. वर्षानं हिमोग्लोबिन साडेअकरा.

आता हे कुठवर, असं विचारलं. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायची. तांबीमुळं पाळी आधीच पुसट, तेव्हा ते कसं ओळखायचं ते त्या त्या वेळी बघू, असं त्या म्हणाल्या. रक्तस्रावासाठी बसवलेली तांबी पाच वर्षांनी बदलायची.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून आम्ही सिलेंडर लावल्याची तारीख पेन्सिलीनं लिहितो. त्याखालीच मी लिहून ठेवलं, "टी : मे २०२९." परवा सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं. "टीव्हीचा हप्ता हाय काय गं हा? इतकी वर्षं?"

"व्हय," म्हणाले मी.