आधी चित्र की आधी गोष्ट?

शाळेत बोलायला गेले की हा प्रश्न ठरलेला, लग्नाकार्यात कोणी ओळख करून दिली तरी तोच. "तुम्ही लिहिता पण आणि चित्रं पण तुमचीच, मग आधी काय करता हो?" (दुसरा प्रश्न यात भागतं का. नाही भागत. कव्हरची आणि दिवाळी अंकांची कामं घेते म्हणून भागतं, विषय संपला.)

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी आधी पानं मोजते. लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, कारण छापताना एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून ८ नाहीतर १६ पानं बसवतात, मग घड्या घालून कापतात, म्हणून पानं आठाच्या पटीत. तुमच्या गोष्टीतल्या राक्षसाला ३३वं पान हवं असेल तर तो तुमचा प्रॉब्लेम. टायटल, नावं वगैरे गेली की हातात उरतात २८-२९. मग अप्पा बळवंत चौकातून आणलेले साधे कागद दुमडून, स्टेपल मारून डमी करते आणि तिच्यात पेन्सिलीने चित्रं आणि वाक्यं एकदमच कोंबते, घाण अक्षरात.

आणि तिथे माझंच माझ्याशी भांडण सुरू होतं.

खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकरांना सांगायला नको. एका पावसाळ्यात झेड ब्रिजवरून मी तो बघत होते, पुलाशी काहीतरी काळपट अडकलेलं, ओंडकाच असणार, पण मला राक्षसाची पाठ दिसली. घरी येऊन लिहिलं, 'त्याच्या पाठीवर शेवाळ होतं, डोळे पिवळे होते आणि एक कान फाटका होता.' झकास वाटलं. मग चित्र काढलं आणि ते अख्खं वाक्य गेलं, कारण शेवाळ, डोळे, कान सगळं दिसतंच आहे की, परत सांगून काय करायचं? उरलं काय, तर 'त्याला ओल्या गोणपाटाचा वास येत होता.' वास काही मला काढता येत नाही, म्हणून ते लिहायचं. चित्रकार बाई लेखिका बाईची निम्मी वाक्यं खाते, आणि लेखिका चिडून पान उलटायच्या बरोब्बर आधी वाक्य अर्धवट सोडते, म्हणजे पुढचं चित्र कसलं ते पोरांना उलटल्याशिवाय कळत नाही.

चित्रकार बाई पण काही फार हुशार नाही हं. एकदा तिने त्याचं तोंड दोन पानांच्या बरोब्बर मधे काढलं आणि बाइंडिंग झाल्यावर नाक शिवणीत गेलं. छापून आल्यावर कळलं, बोंबला.

पण त्याहून भारी म्हणजे एका शाळेत दुसरीतली मुलगी उठली आणि म्हणाली, "नवव्या पानावर याचा हा कान फाटलाय, बाविसाव्या पानावर तो कसा?" बाई तिला गप्प बसवायला लागल्या, मी पुस्तक घेऊन बघितलं तर खरंच. मी, संपादक, तिघी मैत्रिणी, कोणाला दिसलं नव्हतं.

आता टेबलासमोर कागद चिकटवलाय. 'डावा कान. त्याचा डावा, आपला उजवा.'