मानेतील गाठ: क्षय की लिम्फोमा?

मला एचआयव्ही आहे. मी अनेक वर्षांपासून एआरटी (एचआयव्हीवरची औषधे) घेतो आणि माझा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) चाचणीत न दिसण्याइतका कमी आहे. नियमित औषधांनी लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा, धोका बराच घटतो, तरी तो एचआयव्ही नसलेल्यांपेक्षा अधिकच राहतो, हे मला मानेत गाठ आल्यावर कळले.

आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या माणसाच्या मानेत गाठ आली की पहिला संशय क्षयावर जातो आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. सुईने काढलेल्या नमुन्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी ताप, रात्रीचा घाम आणि घटलेले वजन पाहून टीबीची औषधे सुरू झाली. त्यांतील रिफाम्पिसिनमुळे माझ्या एआरटीतील डोल्युटेग्राविरचे रक्तातील प्रमाण घटते, म्हणून त्याची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यावी लागे.

गाठ मात्र वाढतच गेली. क्षयाच्या गाठीही उपचाराच्या सुरुवातीला कधी कधी वाढतात, त्यामुळे आणखी थोडे थांबणे सहज शक्य होते; पण एआरटी सेंटरच्या डॉक्टरांनी संपूर्ण गाठ काढून बायोप्सी करण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवण्यासाठी सुईतून आलेल्या सुट्या पेशी बहुधा पुरत नाहीत; गाठीची आतली रचना पाहावी लागते आणि त्यानंतर आयएचसी चाचणी (पेशींवरील प्रथिने ओळखणारी तपासणी) करावी लागते. एका खासगी रुग्णालयाने माझा एचआयव्ही कळताच शस्त्रक्रिया पुढे ढकलली. उपचारांत असा भेदभाव करण्यास २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे, हे समुपदेशक ताईंनी मला समजावले आणि सरकारी रुग्णालयात माझी सोय लावली.

निदान आले: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, लिम्फोमाचाच एक प्रकार. टीबीची औषधे थांबली आणि दर २१ दिवसांनी आर-चॉप ही अनेक औषधांची एकत्रित केमो सुरू झाली. एआरटी एक दिवसही बंद केली नाही. रिटोनाविर असलेल्या एआरटीमुळे केमोतील व्हिन्क्रिस्टिनचे दुष्परिणाम वाढू शकतात. डोल्युटेग्राविरने ती अडचण येत नाही. केमोच्या काळात व्हायरल लोड दबलेला असूनही सीडी-फोर (रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) घसरला, म्हणून संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक घ्यावे लागले.

उपचारांनंतरच्या पेट स्कॅनमध्ये आजार दिसला नाही. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मी मागून घेतले आहेत, कारण दुसऱ्या रुग्णालयात गेल्यास केवळ छापील अहवालावर न थांबता ते पुन्हा तपासले जातात. सेंटरवर गोळ्या घ्यायला गेलो की डॉक्टरांकडून मान, काख आणि जांघही तपासून घेतो.