बाजूनं दिसणारा पाय

कराटेच्या ग्रेडिंगचा, म्हणजे बेल्टच्या परीक्षेचा रविवार होता आणि चार दिवस पाऊस थांबला नव्हता. मंगळवार पेठेतल्या आमच्या हॉलच्या जिन्यात छत्र्यांचा ढीग, पोरांचे गी, म्हणजे कराटेचे पांढरे कपडे, अर्धवट वाळलेले, कुबट वासाचे, आणि पालक मोबाईलवर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघत बसलेले. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. पुण्याहून परीक्षक वेळेत येऊन पोचले तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

परीक्षेला एकवीस मुलं होती. वीस जणांचं नेहमीसारखंच झालं. लिहायचंय ते एकविसाव्या मुलीबद्दल. बारा वर्षांची, सातवीतली, ग्रीन बेल्ट. सुभाषनगरातून सायकलवर येते. आई घरी कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालते, पट्टे शिवते. पोरगी कधी खाडा करत नाही. मी हॉलचं कुलूप उघडायच्या आधीच जिन्यात बसलेली असते.

त्या दिवशी ती ब्ल्यू बेल्टची परीक्षा देत होती. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. आमच्याकडे ब्ल्यूला हेआन योनदान हा काता, पर्पलला हेआन गोदान आणि पहिल्या ब्राऊनला टेक्की शोदान. योनदानची सुरुवात संथ असते, दोन्ही हात उघडे, सावकाश वर जातात. इथं बहुतेक मुलांना दम निघत नाही. हिनं ते हात असे उचलले की हॉलमधली कुजबुज आपोआप थांबली. पुढं बाजूची लाथ, योको गेरी. तिची टाच स्वतःच्या कानाच्या उंचीला गेली. शेवटी समोरच्याचं डोकं धरून खाली ओढायचं आणि गुडघा मारायचा, तिथं तिची किआई, म्हणजे आरोळी, भिंतीवर आदळून परत आली.

परीक्षकांनी मला टेबलाजवळ बोलावलं. म्हणाले, ‘हिला डबल द्या. ब्ल्यू नको, थेट पर्पल.’

खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. चौदा वर्षं शिकवतोय. बाहेरच्या माणसानं आपल्या पोराला असं उचलून धरलं की मास्तराला जे होतं तेच मला झालं. पण काता चालू असताना ते टेबलामागं, समोर बसले होते आणि मी बाजूला, खिडकीपाशी उभा होतो. समोरून लाथ दिसते. ती लाथ ज्या पायावर उभी आहे तो पाय बाजूनं दिसतो.

योनदानमध्ये कोकुत्सु दाची, म्हणजे मागं रेलून उभं राहायची ढब, फार. वजन मागच्या पायावर सत्तर टक्के, पुढच्यावर तीस. उजवा पाय मागं असला की ही खांबासारखी उभी. डावा मागं गेला की गुडघा हळूच आत वळायचा, टाच सरकायची आणि वजन निम्मं निम्मं व्हायचं. तीन वेळा झालं आणि तिन्ही वेळा डाव्यालाच. ब्ल्यू बेल्टला ही चूक माफ आहे, कारण ती दुरुस्त करायलाच पुढचे सहा महिने असतात. त्या महिन्यांत गोदान करून घेताना मी उडी शिकवतो. उडी मारून पाय आवळून खाली उतरायचं आणि हलायचं नाही. तो डावा पाय मला तिथं सापडणार होता. डबल दिलं तर नेमके तेच महिने गळणार होते.

परीक्षकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, ‘मुली नववी-दहावीत क्लास सोडतात, तुम्हाला माहीत आहे. जीव लागलाय तोवर वर ओढा.’ हे खरंय. माझ्याकडच्या किती चांगल्या मुली दहावीच्या वर्षात गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांनी आणखी एक दाखला दिला. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे फुनाकोशी 1922 मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले आणि 1924 च्या एप्रिलमध्ये त्यांनी कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट दिले, सात जणांना. मध्ये दोन वर्षंसुद्धा नाहीत. मग आपण सहा महिन्यांसाठी एवढं का अडवून धरायचं? मी म्हटलं, त्या सातांतले काही जण ओकिनावात आधी शिकलेले होते, आणि तेव्हा हे रंगीत बेल्ट नव्हतेच. ते म्हणाले, ‘तेच म्हणतोय मी. रंगाला इतकं महत्त्व देऊ नका.’

मी डबलच्या विरोधात नाही. दोन वर्षांपूर्वी एका पोलीस शिपायाला मी स्वतः डबल दिलं. तालमीत वाढलेला गडी. पाय असे रोवायचा की हलवायची सोय नाही. त्याचं काही बिघडलं नाही.

पण माझं बिघडलं होतं. मी पंधरा वर्षांचा असताना ज्या क्लासमध्ये शिकत होतो, तिथं वरच्या बेल्टची मुलं कमी होती आणि प्रात्यक्षिकाला रांग भरलेली दिसायला हवी होती. मला ग्रीनवरून थेट पर्पल दिला. माझा योनदान राहिला तो राहिलाच. पुढच्या महिन्यापासून कुमितेला, म्हणजे जोडीनं लढायच्या सरावाला, समोर मोठी माणसं आली. समोरचा आपला बेल्ट बघून लाथेचा जोर ठरवतो. एकानं पर्पल बघून मारली, पर्पलनं अडवायला हवी होती तशी, आणि माझी बरगडी मोडली. त्याची चूक नव्हती. सहा आठवडे मला खोकता येत नव्हतं. पुढं शोदानच्या, म्हणजे पहिल्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत परीक्षकांनी पाच हेआन कातांतला कुठलाही सांगायचा म्हणून योनदान सांगितला. कोपराचा फटका मारून वळलो आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. तसाच उभा राहिलो. नापास झाल्याचं घरी दोन महिने सांगितलं नाही.

सांगितलं तेव्हा वडील रागावले नाहीत. ते गंगावेश तालमीत कुस्ती केलेले. कुस्तीत बेल्ट नसतो, पण वस्तादाच्या डोक्यात प्रत्येक पोराचा आकडा पक्का असतो. पोरगं आधी जत्रेत रेवड्यांवर लढतं, मग नारळावर, मग पाच-दहा रुपयांवर. फडात कुणी मोठी जोड लावायला बोलावलं आणि पोरगं तयार झालं, तरी वस्ताद हात धरून मागं ओढतो. वडिलांनी मला एवढंच विचारलं, ‘तुजा हात कुणी धरला न्हाई व्हय?’

टेबलापाशी उभा असताना मला हेच आठवत होतं. तरी निर्णय माझा एकट्याचा नव्हता. मी तिला आणि तिच्या आईला बाजूच्या खोलीत नेलं आणि परीक्षक काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. पोरीचे डोळे चमकले. आई घाबरत म्हणाली, ‘सर, म्हंजे एक परीक्षा वाचती का? फी?’

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर तयार नव्हतं. मी पायाचा विचार करत होतो आणि त्या बाईला परीक्षेची फी, नवा बेल्ट, सर्टिफिकेट असा सगळा हिशेब दिसत होता. म्हटलं, ‘हो, वाचते. पण फीचं आपण नंतर बघू. त्याच्यासाठी घेऊ नका आणि त्याच्यासाठी सोडूही नका.’

मग पोरीला म्हटलं, ‘योनदान परत कर. मी बाजूनं शूटिंग घेतो.’

तिनं केला. मोबाईल तिच्या हातात दिला. पहिल्यांदा तिनं लाथच बघितली. मी म्हटलं, खाली बघ. दुसऱ्यांदा बघितलं आणि म्हणाली, ‘सर, फरशी ओली हाय की.’ मुद्दा रास्त होता. मी कोरडं फडकं आणून तेवढी जागा खसखसून पुसली. तिनं पुन्हा केला. उजवा पक्का. डावा सरकला.

मोबाईल डोळ्यांजवळ धरून ती तेवढाच तुकडा मागं-पुढं करत राहिली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. बाहेर परीक्षक थांबले होते, त्यांना पाणी वाढायच्या आत निघायचं होतं. मग ती उभी राहिली, डावा पाय मागं घेतला, आईच्या खांद्याला धरून हळूहळू वजन मागं टाकलं. गुडघा थरथरायला लागला.

‘हितं दुखतंय,’ ती म्हणाली. ‘उजव्याला दुखत न्हाई.’

‘दुखणारच. तिथं अजून ताकद नाही.’

‘पर्पल घेतला तर मी कुणाबरोबर कुमिते करणार?’

मी दोन मुलांची नावं घेतली. दोघं दहावीतले.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मी ब्ल्यूच घेतो. पण गोदान उद्यापासनं शिकवा. आणि परीक्षेला सहा महिने लावू नका, मी आधी देतो.’

मी कबूल झालो, फक्त एका अटीवर. तारीख तो डावा पाय ठरवणार. परीक्षकांना सांगितलं, तेव्हा ते क्षणभर नाराज दिसले. मग त्यांनी तिला बोलावलं, डावा पाय मागं घेऊन उभं राहायला सांगितलं, स्वतः खुर्चीवरून उठून बाजूला येऊन बघितलं. काही बोलले नाहीत. फॉर्मवर ब्ल्यू लिहून सही केली. पुढच्या परीक्षेची क्लासची फी मी घेणार नाही, हे आईला जिन्यात सांगितलं. ती नको म्हणाली. शेवटी अर्ध्यावर ठरलं.

नवा बेल्ट पुठ्ठ्यासारखा कडक होता. गाठ बसेना, दोन्ही टोकं मिशांसारखी वर यायची. पोरगी तिसऱ्यांदा बांधायला लागली तेव्हा आईनं तो हातात घेतला. दिवसभर पट्टेच हाताळणारी बाई. तिनं अंगठ्यानं शिलाईच्या ओळी मोजल्या, कड नखानं दाबून बघितली, मग दोन्ही तळव्यांत धरून वितीवितीनं वाकवत, पिळत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. ‘रोज असं करायचं,’ म्हणाली, ‘मऊ पडतोय.’ आणि लेकीच्या कमरेला गाठ मारून दिली.