नव्या बोअरची जागा ठरवताना: आमच्या गावचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातलं आमचं गाव. जुन्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर निघालं आणि गावठाणातल्या विहिरीत नायट्रेट 45 च्या वर, म्हणजे दोन्ही पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर. खोल जावं तर खडकातलं फ्लोराइड, वरच थांबावं तर उकिरड्याचं नायट्रेट. फ्लोराइडमुळे शाळेतल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. म्हणून नव्या बोअरची जागा पाणाड्याच्या नारळावर ठरवायची नाही, यावर मी पाणीपुरवठा समितीत अडून बसले. ग्रामपंचायतीचा ठराव झाला, तो भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात गेला आणि ऐन मे महिन्यात माणसं आली.

वावरात एका रेषेत चार सळया ठोकल्या. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोघींमधला व्होल्टेजचा फरक मोजायचा. त्यावरून खालचा थर विजेला किती विरोध करतो ते कळतं आणि थर कशाचा असेल याचा अंदाज येतो. बाहेरच्या सळया जितक्या दूर न्याव्या, तितकी खोलची माहिती मिळते. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. सळई हलायची आणि आकडा नाचायचा. मग प्रत्येक सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं, माती दाबायची, पुन्हा मोजायचं. धुऱ्यावर तारेचं कुंपण होतं, त्यामुळे अख्खी रेषाच बाजूला घ्यावी लागली.

नाल्याकाठी ओल्या, झिजलेल्या पाषाणाचा थर अगदी वर लागला. गावातले एक काका म्हणाले, "पाणी तं इथंच हाय, मंग दुसरीकडं कायले जाता?"

भूवैज्ञानिक म्हणाले, "काका, पाणी आहेच. पण वर झाकण नाही. गावाची सगळी घाण सरळ उतरेल."

गावाच्या वरच्या अंगाला मात्र काळ्या मातीखाली चिकट पिवळ्या मातीचा जाड थर निघाला, त्याखाली पाणी धरणारा पाषाण. नुसत्या काळ्या मातीवर भिस्त ठेवता येत नाही, भेगांतून पाणी खाली जातंच. पण इथेही एक मेख होती. विजेला कमी विरोध चिकणमातीही करते आणि खारं पाणीही, आलेख दोन्हीचा सारखाच दिसतो. म्हणून त्यांनी शेजारच्या विहिरीच्या पाण्याची क्षारता मोजली. पाणी गोडं निघालं, तेव्हाच तो थर मातीचा असं लिहिलं. आणि यंत्राला फ्लोराइड दिसत नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण गावात मशीनने सगळं कळतं असाच समज होता.

बोअर वरच्या जागी घेतली. केसिंग पाइप मऊ थर ओलांडून कठीण खडकात बसवला, भोवतीची पोकळी सिमेंटने भरून घेतली आणि पुरेसं पाणी लागल्यावर आणखी खोल जाऊ दिलं नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात फ्लोराइड 1 च्या आत आलं, नायट्रेटही मर्यादेत. पावसानंतर पुन्हा नमुना पाठवणार आहोत, कारण नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं. जुन्या विहिरीजवळचे उकिरडे अजून हललेले नाहीत. तो विषय येत्या ग्रामसभेत मी मांडणार आहे.